आधी होडीला पाणी

हरेश्वर गेल्याची बातमी मला आमच्या निवृत्त बँकवाल्यांच्या ग्रुपवर कळली. वर कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो, खाली गुडघेदुखीवरचा काढा आणि मध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती. एकाने घाईघाईत काढ्यालाच हात जोडले होते. हे हरेश्वरला दाखवलं पाहिजे, असं मनात आलं, आणि फोन हातात असतानाच लक्षात आलं की आता ते जमायचं नाही. माणूस गेल्याचं मला असंच कळतं, बातमीच्या थोडं नंतर...

दुपारी जेवून आडवा झाला, तो चहाला उठला नाही. 'किती छान मरण,' असं स्मशानात तीन-चार जण म्हणाले. छान मरण म्हणजे काय, हे ज्याला सांगता आलं असतं तो बोलत नव्हता.

आम्ही दोघांनी कल्याणच्या एका बँकेत समोरासमोरच्या टेबलांवर नोकरी काढली. मी साताऱ्याकडचा, डोंबिवलीत स्थायिक झालेला, पाण्याला घाबरणारा. तो ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. वडील खाडीत मासेमारी करायचे, हा बी.कॉम. होऊन बँकेत चिकटला. पुढे खाडीच्या पाण्याला साबणासारखा फेस यायला लागला, मासा गेला आणि वडिलांनी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली. होडी मात्र राहिली. तिचं नाव हिराबाय, म्हणजे हरेश्वरची आजी. वडिलांनंतर ती हरेश्वरकडे आली. मासेमारी नाही तर होडी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "तुझ्या गावाला वाडवडिलांचं शेत आहे ना? पिकत नाही म्हणतोस. मग विकलंस का?" गेल्याच महिन्यात आम्ही भाऊ त्यावरून भांडलो होतो.

रविवारी मी त्याच्याकडे जायचो. वत्सलावहिनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वांग्याची भाजी करायच्या आणि दरवेळी न चुकता म्हणायच्या, "भाऊजी, वांग्याला काटा नसतो, सावकाश खावा." जेवण झालं की आम्ही धक्क्याच्या पायऱ्यांवर बसायचो. ओहोटीला चिखल उघडा पडायचा, त्याचा वास यायचा, त्यात निवटे, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारायचे. तिवरांत बगळे उभे असायचे, आमच्या ब्रँच मॅनेजरसारखे, काही न करता करारी. आम्ही फारसं बोलायचो नाही. आयुष्यात मी इतका वेळ इतक्या निरर्थकपणे आणि इतक्या समाधानाने दुसरीकडे कुठे घालवला नाही.

ऊन उतरलं की तो उठायचा. एका तेलाच्या जुन्या कॅनला त्याने दोरीची मूठ बांधली होती. तो भरून काठावर ओढून ठेवलेल्या होडीवर पाणी ओतायचा, आतून, बाहेरून, फळ्यांच्या सांध्यांवर. उन्हाळ्यात वर ओली गोणपाटं टाकायचा. लाकडाची होडी पाण्याबाहेर राहिली की वाळते, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. मग ती पाण्यात घातली की बुडते. म्हणून तिला काठावरही पाणी पाजायचं. त्याच्या घरातली ही रीत. चहा समोर आला तरी तो घ्यायचा नाही. "आधी हिला, मग मला." वहिनी आतून ऐकवायच्या, "हिला म्हंजे मला नाय, बरं का भाऊजी. माझी तहान कोन विचारतंय."

हे सगळं वर्षातल्या एका दिवसासाठी. नारळी पौर्णिमेला हिराबायला रंग लागायचा, हळद-कुंकू व्हायचं, आळीतले आठ-दहा जण खांदा लावून तिला पाण्यात उतरवायचे. हरेश्वर खाडीला नारळ द्यायचा आणि एक फेरी मारून यायचा. एका वर्षी त्याने मलाही बसवलं. मी दोन्ही कडा घट्ट धरून बसलेलो. तो वल्हं मारता मारता म्हणाला, "सोड रे. तू धरलीस म्हणून नाही तरंगत ती."

मग काठाला भराव पडला, भरावावर रस्ता झाला आणि रस्त्यापलीकडे टॉवर उभे राहिले. त्यांच्या जाहिरातीत खाडीला 'सी व्ह्यू' म्हटलं होतं. होड्या ठेवायला जागा उरली नाही. बाकीच्यांनी आपापल्या फोडून सरपण केलं. त्याच सुमारास बिल्डरचा एक तरुण माणूस हरेश्वरकडे आला. टॉवरसमोरच्या चौकात कोळी संस्कृतीचं काहीतरी ठेवायचं होतं. होडी द्या, आम्ही सांभाळू. हरेश्वरने एकच अट घातली: नारळी पौर्णिमेला ती पाण्यात उतरली पाहिजे. "क्रेन देऊ ना काका, दरवर्षी," तो म्हणाला. हरेश्वरने मान डोलावली. दुसरा पर्याय कुऱ्हाडीचा होता.

चौकाच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. बँडवाले होते, कोळ्यांचे पोशाख भाड्याने आणून घातलेली टॉवरमधली मुलं होती. हिराबायला निळा चकचकीत रंग देऊन तिच्यावर 'सागरराणी' लिहिलं होतं. ठाण्याची खाडी सोडून ती कधी कुठे गेली नव्हती. हरेश्वरला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, "नारळ पाण्याला द्यायचा असतो. मला कशाला देतात? मी काय मासे देणार आहे यांना?"

पहिल्या नारळी पौर्णिमेला क्रेन दुसऱ्या साइटवर होती. पुढच्या वर्षी, क्रेन देणारा तो तरुणच नोकरी सोडून गेलेला. तरी हरेश्वर रोज संध्याकाळी कॅन घेऊन चौकात जायचा. "आपण आपलं सांधे मिटलेले ठेवायचे," तो म्हणायचा, "क्रेन काय, कधीही मिळेल." मग टॉवरवाल्यांनी होडीत माती भरून फुलझाडं लावली. मुळं कुजू नयेत म्हणून माळ्याने तळाला भोकं पाडली. हरेश्वरने ती कापूस आणि डांबर घालून बुजवली. माळ्याने परत पाडली. त्याने परत बुजवली. असं बरंच चाललं. दोघांची ओळख झाली, तंबाखूची देवाणघेवाण झाली. माळी म्हणायचा, "काका, माझी झाडं मरतात." हा म्हणायचा, "बाबा, माझी होडी मरते." दोघांचंही खरं होतं.

मी शेवटचा गेलो तेव्हा हरेश्वर घरी खाटेवर बसला होता. ऊन उतरलं. चहा आला. त्याने कप उचलला आणि प्यायला लागला. मी वहिनींकडे पाहिलं, त्यांनी नजर खाली घेतली.

"जायचं नाही?" मी विचारलं.

"कुठं?"

"पाणी घालायला."

त्याने चहा संपवला. "सिमेंट ओतलं रे तिच्यात. तळापासून वरपर्यंत. आता फवारा बसवणार आहेत." त्याने रिकामा कप खाली ठेवला. "आता क्रेन आली तरी काय उपयोग? उतरवली की सरळ तळाला जाईल." मी काहीतरी बोलायला हवं होतं. आपल्याकडे अशा वेळी बोलायची वाक्यं तयार असतात. मला त्यातलं एकही त्याच्यासमोर काढायची लाज वाटली. तो म्हणाला, "वर गेलो की बाप पहिलं तिचं विचारेल." हसेल असं वाटलं, पण हसला नाही. त्यानंतर काही आठवड्यांत तो गेला. डॉक्टर हृदय म्हणाले. असेल.

शोकसभेत एका पुढाऱ्याने त्याला 'खाडीपुत्र' म्हटलं आणि त्याने आपली होडी शहराला अर्पण केल्याचं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे कुणाच्या तरी नंतर लक्षात आलं आणि मग दोन मिनिटं शांतता पाळली.

परवा वहिनींना भेटायला गेलो. निघताना त्यांनी दारामागचा कॅन काढून माझ्यासमोर ठेवला. "हा घेऊन जावा भाऊजी. रोज पाच वाजले की माझी नजर तिथंच जाते." मी घेतला. रस्त्यातल्या चहावाल्याकडून पाण्याने भरून घेतला आणि चौकात गेलो. फवारा बंद होता. बसवला त्या दिवसानंतर तो चाललेला नाही म्हणे. होडीच्या कडांवर कुंड्यांची रांग होती. निळ्या रंगाचे पोपडे निघाले होते आणि खालच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. फटींतून आतलं सिमेंट दिसत होतं. मी सांध्यांवर पाणी ओतायला लागलो. ते लाकडात मुरलं नाही. घरंगळून खाली आलं आणि रस्त्याच्या कडेच्या गटाराकडे गेलं.

टॉवरचा वॉचमन लांबून बघत होता. तो जवळ आला.

"काका, झाडं वर आहेत. लाकडाला काय पाणी घालताय?"

मी कॅन सरळ केला. त्यात अजून थोडं उरलं होतं.

"आधी एक काका यायचे," तो म्हणाला, "ते पण रोज असेच चुकायचे."