आवाज नसलेल्या रिक्षातली पुटपुट

स्टँडवर त्याला सगळे 'भोंगा' म्हणत. स्वतः अंगानं काडी, पण त्याची जुनी रिक्षा सुरू झाली की कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचा थरथरायच्या. त्या खडखडाटाच्या आडोशानं भोंग्यानं सव्वीस वर्षं एक चैन केली होती. प्रवाशांच्या नकला. नजर समोर, चेहरा साळसूद, आणि ओठातल्या ओठात मागच्या माणसाची खिल्ली. "जरा लवकर हो, मीटिंग आहे!" असं कोणी साहेब म्हणाला, की हा त्याच्याच सुरात पुटपुटायचा, "पळा पळा, साहेब पोचल्याशिवाय सूर्य मावळायचा नाही!" मागे ऐकू जायची ती फक्त इंजिनाची फटफट.

मग स्टँडवर एकेक करत बॅटरीवाल्या रिक्षा आल्या. शेवटी भोंग्यानंही घेतली. ना धूर, ना हादरा. रस्त्यात पसरलेली कुत्रीसुद्धा उठेनात.

"भोंग्या, आता तुझं नाव मांजर ठेवू!" दोस्त खिदळले.

गाडी बदलली, जीभ मात्र जुनीच राहिली.

तिसऱ्याच दिवशी बुधवार आला. दर बुधवारी तो एका मावशींना गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचा. मावशी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिलेले. चार वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाच्या रिक्षात पाय ठेवला नव्हता. हात धरून चढवायचा भोंगा, उतरवायचा भोंगा. आणि बसल्या बसल्या मावशींचं ठरलेलं वाक्य.

"पुढच्या महिन्यात येतोय हं माझा मोठा. तिकीट काढलंय म्हणाला."

"अरे वा!" भोंगा मोठ्यानं म्हणाला. मग सवयीनं, त्यांच्याच थरथरत्या सुरात, "येतोय हं, येतोय! चार वर्षं झाली, विमानात अजून हवाच भरतायत!"

झकास जमलं होतं. खूश होऊन त्यानं आरशात पाहिलं, तर मावशी त्याच्याकडेच बघत होत्या.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की गाडीत चाकांच्या सळसळीशिवाय कसलाच आवाज नाही.

"मावशी, ते मी आपलं..."

मावशींनी मान बाहेर वळवली. उतरताना त्याचा हात धरला नाही. काठी टेकत, दर पायरीवर थांबत, एकट्याच गेल्या.

आठवडाभर त्याचं जेवणात लक्ष लागेना. बायकोनं विचारलं, "नवी गाडी बिघडली का काय?"

"गाडी ठीक आहे," तो ताटाकडे बघत म्हणाला.

पुढच्या बुधवारी तो दहा मिनिटं आधीच त्यांच्या दाराशी जाऊन थांबला. त्या येतील असं वाटलं नव्हतं. आल्या, बसल्या, पण ठरलेलं वाक्य काही आलं नाही. पुलापर्यंत त्यानं कसंबसं सोसलं.

"मोठ्याचा फोन आला होता का?"

"तुम्हीच सांगा की," मावशी शांतपणे म्हणाल्या. "माझ्या आवाजात. तुम्हाला छान जमतं."

भोंग्यानं तोंड उघडलं. त्यांचा आवाज निघेना, स्वतःचाही निघेना. त्यानं गाडी कडेला घेतली, मागे वळला. मान वर होईना.

"चुकलो, मावशी."

"तिकीट काढलेलं नाही, हे मलाही कळतं हो. तीस वर्षं आवाजच ऐकलेत मी. पण 'येतोय' म्हणून सांगायला तरी घरात कोण आहे?" त्यांनी काठीनं पुढचा रस्ता दाखवला. "चला. उशीर होतोय."

दवाखान्याशी त्यानं हात पुढे केला. मावशींनी त्यात आपली पिशवी दिली आणि कठडा धरून पायऱ्या चढू लागल्या. पिशवी छातीशी धरून भोंगा दोन पायऱ्या मागून चालत राहिला, तोंड गच्च मिटून.