टेपवरचं उत्तर

भूत, भानामती, अंगात येणं हे मी कधीच मानलं न्हाई. आमी बौद्ध माणसं. कोणी असलं सांगायला लागलं तर त्याच्या तोंडावर हसलो. शिक्षण चौथी. तरी लिहून राहिलो, कारण इचारायला दुसरं कोणी न्हाई.

गाव आखाडा बाळापूर, जिल्हा हिंगोली. नव्वद सालापासून मी टेम्पो चालवला, इकायची हळद हिंगोलीच्या मोंढ्यात न्यायचो. बायको सुभद्रा डाव्या अंगाला बसायची. आमची वाटणी ठरलेली... मी फक्त रस्ता बघायचा. काच पुसणं, पोती कलली का बघणं, नाक्यावर हवालदाराशी बोलणं, समदं तिच्याकडं. मी जरा मान वळवली की म्हणायची, "तुमी समोर बघा. बाकी मी हाय ना."

पोरगं विमानावर धाकटा पायलट झालं तवा त्यानं सांगितलं, तिथंबी असंच — एकानं विमान धरायचं, दुसऱ्यानं बाकीचं बघायचं. सुभद्रा म्हणाली, "मंग येवढी फी भरली काहून? बापाच्या टेम्पोत बसला असता."

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात ती काविळीनं गेली. पुण्यानुमोदन, आमच्यातलं दिवसकार्य, झालं अन् पोरगं कामावर गेलं. दोन महिन्यांनी एकदम घरी आलं. सक्तीची रजा दिली म्हणे.

त्याचं सांगणं असं — उतरायच्या आधी एक दिवा लागंना. बडा पायलट अन् हा, दोघंबी त्या दिव्यावर वाकले. समोर बघायचं काम तवा ह्याचं होतं. माणसं भरलेलं विमान खाली खाली चाललं, अन् दोघांला पत्ता न्हाई. मंग ह्यानं मान वर केली अन् विमान वर घेतलं. थोडक्यात निभावलं.

विमानात जे बोलतात ते समदं टेपमधे भरतं. चौकशीत ती वाजवली. आधी बड्या पायलटची दिव्याबद्दल बडबड. मंग जरा गप्प. मंग ह्याचा आवाज — "व्हय माय, बघतो."

शहरात गेल्यापासून हा 'आई' म्हणतो. 'व्हय' तर कवाच सोडलं. साहेबांनी इचारलं, कोणाशी बोललास? हा गप्प बसला, म्हणून रजा.

खरं सांगतो, पोरगं वाचलं ह्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. तिला घड्याळ कळत नव्हतं, विमानातले काटे कळले? अन् येवढी वर्षं बसली ती माझ्या बाजूला. ती गेल्यापासून मी रिकाम्या सीटकडं कान लावून गाडी चालवून राहिलो... मला एक शब्द न्हाई.

मंग मी गाढवपणा केला. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, भर दुपारी, रस्ता मोकळा बघून मुद्दाम मान खाली घातली. माझ्याच पायाकडं बघत राहिलो. म्हटलं, आता तरी बोल.

टेम्पो रस्ता सोडून बाभळीवर गेला.

धाब्यावरचा सलीम पळत आला. "चाचा, झपकी लगी क्या?"

म्हटलं, "व्हय." दुसरं काय सांगू?

कपाळाला टाके पडले. पोरगं दवाखान्यात आलं, त्याला मात्र खरं सांगितलं. म्हटलं, "तुझ्याशी बोलली, माझ्याशी काहून न्हाई? आवाज कसा होता तेवढं तरी सांग. तकलीफ होती का तिला?"

त्यानं खुर्ची खाटेजवळ ओढली.

"बाबा, मी काहीच ऐकलं नाही. मी बोललो, हेसुद्धा मला टेपवरूनच कळलं. तीनदा वाजवायला लावली मी, त्याच्या आधी काही ऐकू येतं का म्हणून. नाही येत. फक्त माझाच आवाज आहे."

मंग हा कोणाला व्हय म्हणाला? डॉक्टर म्हणला, मनाचा खेळ. असंल. पण ह्याची मान वर कोणी केली, हे डॉक्टरलाबी सांगता आलं न्हाई. मलाबी कळलं न्हाई, अजूनबी न्हाई.

पोरगं आता परत विमानावर हाय. पण त्या दिवशी दवाखान्यात आमी दोघं एकमेकाला इचारून राहिलो, तिचा आवाज कसा होता म्हणून... तिचं बोलणं समदं आठवलं. आवाज दोघांलाबी आठवला न्हाई.