बानूने शिकवलेलं मतदान

बानू मुकादम गाडीत ओरडली की शेजारच्या लेनमधला माणूससुद्धा ब्रेक मारतो, असं तिचा नवरा काशिफ सांगत असे. कुवेतमध्ये ती बायकांना गाडी चालवायला शिकवायची. माहेर-सासर दोन्ही कोकणातल्या हर्णैचं, राहायला अबू हलीफात. काशिफ कुवेत शहरातल्या शर्क भागातल्या मासळीबाजारात कामाला होता. पंच्याण्णव साली ती तिथे गेली, अरबी शिकली, तिथलं लायसन्स काढलं आणि पुढे गाडी शिकवायलाही लागली. नर्सा, शाळेतल्या मास्तरणी, अहमदीच्या तेल कंपनीतल्या इंजिनियरांच्या बायका, सगळ्या तिच्या हाताखालून गेल्या. हुशार बाई. खोड एकच, ‘मला माहीत नाही’ हे शब्द तिच्या तोंडून कधी बाहेर पडायचे नाहीत. वाट ठाऊक नसली तरी बोट करून दाखवायची.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला सुरैया तिच्याकडे शिकायला आली. कुवेती, विधवा, साठीला टेकलेली. वडील तरुणपणी मुंबईला व्यापार करायचे, म्हणून हिला मोडकंतोडकं हिंदी यायचं आणि दोघींचं त्यातच जमलं. बानू तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. नवरा होता तोवर सुरैयाने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता घरात ड्रायव्हर असूनही तिला स्वतः चालवायचं होतं, कारण येत्या निवडणुकीत तिला मत द्यायला जायचं होतं. आदल्याच वर्षी तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला होता. ‘पहिलं मत द्यायला दुसऱ्याच्या हातची गाडी नको,’ असं तिचं म्हणणं.

लायसन्सची कागदपत्रं करताना बानू फार कडक. डोळ्यांचा दाखला, रक्तगट, फोटो, शिक्के. एकदा एका बाईचा अर्ज सही राहिली म्हणून खिडकीतून परत आला होता. तेव्हापासून बानू प्रत्येकीला समोर बसवून सही करायला लावायची. ‘सही नसलेला कागद म्हणजे रद्दी,’ हे तिचं ठरलेलं वाक्य.

एकदा अशाच सह्या करता करता सुरैया म्हणाली, “लायसन्ससाठी तू मला किती पळवतेस गं! आणि मतदारयादीत माझं नाव आपोआप आलं. सरकारकडे नाव-पत्ता होताच, त्यावरून त्यांनीच घातलं. मी साधा अर्जही केला नाही.”

“आमच्याकडे पण असंच असतं,” बानू म्हणाली.

“तू देतेस मत?”

“दर वेळी देते, खाला. विमानाने जाऊन देते.”

थाप मारली ती मारली, वर विमानही जोडलं! खरं म्हणजे बानूने जन्मात मत दिलं नव्हतं. कुवेतला येण्याआधी ती रत्नागिरीला लायसन्स काढायला गेली, तेव्हा त्याच आवारात टेबल टाकून मतदारयादीत नावं घेत होते. कारकून म्हणाला होता, “ताई, लायसन्सचे कागद आणलेच आहेत, त्यातच यादीचंही होऊन जाईल.” बानू हसली होती. “मला काय करायचंय? मी चालले कुवेतला.” तिच्यामागे उभ्या बायकाही हसल्या, आणि तेव्हा तिला आपण फार ऐटीत बोललो असं वाटलं होतं.

पण सुरैयाच्या डोळ्यांत एकदम मान दिसला आणि बानूच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“मग सांग ना, आत गेल्यावर काय करायचं? भाचीला विचारलं तर ती हसते मला.”

मतदान केंद्राचं दारही बानूने पाहिलं नव्हतं. पण कागद म्हटला की तिला सगळं ठाऊक. “सोपं आहे. नावापुढे खूण करायची, खाली सही करायची, घडी घालून पेटीत टाकायचं. सही विसरू नका. नाहीतर कळणार कसं की तुम्हीच दिलंत?”

संध्याकाळी तिने हे काशिफला ऐटीत सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. “अगो, तू कधी दिलंस मत? उगाच कायतरी सांगू नको त्या बाईला. फोन कर नि सांग, मला ठावूक नाय म्हणून.”

“सहीने काय बिघडतंय?” बानू फणकारली. पण मनात कुठेतरी टोचलं. नंतर दोन-तीनदा तिने फोन उचललाही. ‘खाला, मी खोटं बोलले,’ हे म्हणायची लाज वाटली आणि फोन खाली ठेवला.

जूनच्या अखेरीस मतदान होतं. सुरैया हट्टाने बानूला शेजारी बसवून, नव्या कोऱ्या लायसन्सवर, मुलींच्या शाळेपर्यंत गाडी घेऊन गेली. आग ओकणारं ऊन, तरी बायकांची रांग फाटकाबाहेर आली होती. बानू गाडीत बसून राहिली. तासाभराने सुरैया परतली ती रडत आणि हसत. बरोबर तिची भाची होती, तिथेच एका उमेदवाराचं काम करणारी.

“दिलं!” सुरैया म्हणाली. “सही कशी ठसठशीत केली, पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट.”

भाचीचा चेहरा उतरला. “खाला, मतपत्रिकेवर नाव लिहिलंस? ते बाद होतं. मत गुप्त असतं ना!”

“काहीतरीच काय! बानू हिंदुस्थानात दर वेळी मत देते. विमानाने जाते. तिनेच शिकवलं मला.” सुरैया बानूकडे वळली. “सांग ना हिला.”

बानूला आताही एखादी थाप सुचली असती, पण त्या बाईच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

“मी कधीच मत दिलेलं नाही, खाला,” ती म्हणाली. “माझं नावच नाही यादीत. मी खोटं बोलले.”

भाची शाळेकडे परत गेली. सुरैया स्टिअरिंगमागे येऊन बसली. मग म्हणाली, “येत नाही म्हणाली असतीस तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. साठ वर्षं थांबले होते मी.”

बानूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुरैयाने गाडी सुरू केली. पुढच्या गोल चौकात तिने चुकीच्या लेनमधून वळण घेतलं. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. बानूला दिसत होतं, पण इतकी वर्षं ज्या तोंडाने रस्ता दणाणून सोडला, त्यातून शब्द फुटेना. सुरैयाने गाडी कडेला घेतली.

“आत्ता चुकलं ना माझं?” तिने शांतपणे विचारलं. “की गाडीचंही तुला नीट माहीत नाही?”

“माहीत आहे,” बानू म्हणाली. हे खरं होतं, तरी सांगताना तिला वर बघवलं नाही.