भाऊंची हलती खुर्ची

मुलाखतीची तयारी करून घेण्यात माझ्या मित्राच्या थोरल्या भावाचा हात धरील असा माणूस अख्ख्या नागपुरात नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. स्वतः भाऊंना एकाही मुलाखतीतून नोकरी लागली नव्हती, ही गोष्ट वेगळी. शिकवण्यांवर कसंबसं भागवायचे आणि संध्याकाळी महाल भागातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत आम्हा बेकारांना फुकट तयार करायचे. या लुटुपुटूच्या मुलाखतीत साहेब अर्थातच ते स्वतः. ते टेबलामागे पंख्याखाली बसत आणि आम्ही भर मे महिन्यात त्यांचा लोकरी कोट चढवून दाराबाहेर घाम पुसत उभे. तो एकच कोट साऱ्या मोहल्ल्याच्या अंगावरून फिरलेला. आवाज मोकळा राहावा म्हणून खिशात लवंगा. उमेदवाराच्या खुर्चीचा एक पाय भाऊंनी मुद्दाम कापून आखूड केला होता. खुर्ची डुगडुगली की समजायचं, गडी घाबरला. "हलून काहून राहिला गा? साहेब खाते का तुले?" मात्र उमेदवाराला उभं ठेवून प्रश्न विचारणाऱ्या साहेबांवर त्यांचा फार राग. "पहिले बसवा लागते, मंग विचारा लागते," असं ते भिंतीकडे बघून बजावत.

त्याच खुर्चीतून उठून मी सरकारी नोकरीत चिकटलो. पुढे वयाची मर्यादा संपता संपता भाऊंना मुलाखतीचा शेवटचा कॉल आला, तेव्हा साहेब व्हायला मी गेलो. पण मी तोंड उघडलं की भाऊ दारातूनच माझा प्रश्न दुरुस्त करत. त्यांची तयारी राहिली बाजूला, माझीच झाली.

मुलाखत सदर भागातल्या एका कचेरीत होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो. भाऊ आत गेले काय आणि बाहेर आले काय. परतताना रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. एका तरुण साहेबानं त्यांना उभं ठेवूनच नाव विचारलं होतं. इतक्या वर्षांची सवय, भाऊ बोलून गेले, "असं नाही साहेब, पहिले बसवा लागते. पोरगा घाबरते." वर टेबलावरचा पाण्याचा ग्लास भाऊंनीच त्या साहेबापुढे सरकवला. सगळे साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

संध्याकाळी मी गेलो तर भाऊ कोट घालून दाराबाहेर उभे. "तू बस तिकडं," ते म्हणाले. "मले कोणी काही विचारलंच नाही गा."

मी टेबलामागे जाऊन बसलो. आधी त्यांना बसायला सांगितलं, मग नाव विचारलं. भाऊंनी वडिलांच्या नावासकट सावकाश सांगितलं. खुर्ची जराही हलली नाही. पुढचा प्रश्न मात्र मला विचारवेना.