माझा पायगुण आणि काकांचा राउटर

आधी माफी मागतो. या सदरात अनुभवी, शिकलेली माणसं लिहितात. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच... लिहिण्याची सवय नाही. आणि नजर, पायगुण असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्स होतं. कारणाशिवाय काही घडत नाही असंच मानायचो.

दोन वर्षं झाली. आमचं गाव तीर्थपुरीजवळ. शिकायला मी जुन्या जालन्यात चुलत्यांकडे राहायचो. हॉस्टेलला नंबर लागला नव्हता, वेगळी खोली परवडत नव्हती. काकांचं घर सुटलं की कॉलेज सुटलं – इतकं सरळ होतं. चुलतभाऊ गणेशदादाने घरी बसून डाटा एन्ट्रीचं काम घेतलं, त्यासाठी ब्रॉडबँड आणि वायरलेस राउटर आला. मी दिवाळीत गावी असताना आठ दिवस तो उत्तम चालला. मी परत आलो, चप्पल काढून आत पाऊल टाकलं, आणि हिरवा दिवा लाल झाला. बाहेर पडलो की पुन्हा हिरवा.

तिसऱ्या वेळी असंच झालं तेव्हा काकूंनी बोलून दाखवलं.

"ह्यो आला की नेट जाऊन राह्यलं. पांढऱ्या पायाचं आलंय घरात."

काका म्हणाले, "अगं, मशीन हाय ते. कोण आलं ते त्याला काय कळतंय?"

"मशीनला कळतंय, तुम्हालाच न्हाई कळत."

मी हट्टाला पेटलो. अ‍ॅडॅप्टर बदलला. फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी बदलली. वायफायचं चॅनेल बदललं, राउटर दारापासून काढून आतल्या कपाटावर ठेवला. लाईनमन येऊन गेला – "लाईन बिलकुल बराबर हाय." तो होता तोवर काकूंनी मला गल्लीत उभं केलं होतं. मोबाईल, घड्याळ, पट्टा बाहेर ठेवूनही आत गेलो. लाल. समोरचा किराणावाला रोज विचारायचा, "काय संतोष, आज हिरवा का लाल?"

मग मीच एक परीक्षा सुचवली. ती माझी चूक. दादाने आतल्या खोलीत दार लावून कॉम्प्युटरवर बसायचं. मी मागच्या दाराने, मला वाटेल तेव्हा, अनवाणी, आवाज न करता घरात यायचं. नेट गेलं की त्याने ओरडायचं. योगायोग आहे हे सिद्ध होईल, असं मला वाटलं होतं.

पाच वेळा आत आलो. पाचही वेळा उंबऱ्याच्या आत पाय पडताच आतून दादाचा आवाज – "गेलं." मध्ये एकदा मुद्दाम दहा मिनिटं अंगणात नुसता उभा राहिलो. आतून काही नाही. पाय आत टाकला... "गेलं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. संध्याकाळी माझं ताट अंगणात ठेवलं.

"जेवायचं तर हितंच जेव. माझ्या लेकराचं काम बुडवू नको."

काका खाली मान घालून जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उचलली. एसटीने रोज जाणं-येणं जमेना, प्रॅक्टिकल बुडाली, एक वर्ष गेलं. मी निघाल्यापासून त्यांचं नेट एकदाही गेलं नाही, असं तेव्हा कळलं. कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्यामुळे कधी काही झालं नाही, आताच्या खोलीवरही नाही. सरांना विचारलं तर हसून म्हणाले, अर्थिंग बघ. मी आजही कारण शोधतो. सापडलेलं नाही.

हे कधी लिहिणार नव्हतो. पण गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. राउटर नवा घेतलाय, दुसऱ्या कंपनीचा. तरी वहिनी घरात आली की दिवा लाल व्हायचा. काकूंनी तिलाही मागच्या दाराने आत-बाहेर करायला लावलं, पाच वेळा, आणि मग भोकरदनला माहेरी पाठवून दिलं. महिना झाला.

"तू कॉम्प्युटर शिकलास," दादा म्हणाला, "खरं सांग, असं असतं का?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, दादा. पण तू ती नेटची वायर तोडून टाक आणि वहिनीला घेऊन ये."

"वायर कवाच तोडली रे," तो म्हणाला. "पण आई म्हणती, पाय तर तेच हायेत ना."