रोशन आंटीच्या पनीरची चव

रोशन आंटी गेली. परवा सकाळी.

आणि पहिल्याच भेटीत मी या बाईशी धडधडीत खोटं बोलले होते.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आंटी अंधेरीतल्या एका जुन्या पारशी बिल्डिंगमध्ये एकटी राहायची आणि घरीच टोपली पनीर करायची.

भाजीत घालतात ते पनीर नव्हे. वाटीएवढ्या वेताच्या टोपलीत लावलेलं, स्वतःच्याच खारट पाण्यात ठेवलेलं, चमच्यावर घेतलं की थरथरणारं.

ऑफिसातल्या मैत्रिणीने पत्ता दिला आणि चार वर्षांपूर्वी एका शनिवारी मी तिची बेल वाजवली.

"शाकाहारी आहे काय तू?" दार उघडताच हा प्रश्न.

"नाही हो आंटी, आम्ही मालवणी."

"मग आत ये."

कारण तिचं दूध घट्ट व्हायचं ते कोंबडीच्या पोट्याच्या आतली साल वाळवून, भिजवून काढलेल्या पाण्याने. जुनी पद्धत. शाकाहारी गिऱ्हाईक आलं की ती उंबऱ्यावरच खरं सांगून टाकायची. ऑर्डर गेली तर गेली.

त्या दिवशी तिने मला सगळं करून दाखवलं. दुधाचा थेंब मनगटावर टाकून कोमटपणा बघणं. घट्ट झालेला थर पळीने अलगद टोपल्यांत भरणं. मग तासाभराने एकेक पनीर तळहातावर उलटं करून पुन्हा टोपलीत ठेवणं, म्हणजे दोन्हीकडून वेताची नक्षी उठते.

सत्तरी ओलांडलेली बाई, पण एकाचीही कड मोडली नाही. मी अजून डोसा उलटताना फाडते.

मग तिने माझ्यापुढे तीन बश्या ठेवल्या. आजचं, कालचं आणि परवाचं पनीर.

आजचं दुधासारखं गोडसर. कालचं थोडं खारं आणि इतकं सुंदर की मी डोळेच मिटले.

परवाचं? खारट ढोण. घशाखाली उतरेना.

"कसा आहे?" आंटी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"मस्त!"

"मीठ?"

"एकदम परफेक्ट, आंटी."

आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना? दुसऱ्याच्या घरी खाल्ल्यावर नावं ठेवायची नाहीत.

चारपाच पनीर घेऊन मी खुशीत घरी आले. आईने डबा उघडून विचारलं, "काय गो ह्या? दूध नासला की काय?" आणि दोन पनीर एकटीने संपवली.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, तर आंटीने दार अर्धंच उघडलं.

"तू खोटा बोलली."

परवाचं म्हणून मला दिलं होतं ना, तीच सगळी खेप एका नवजोतीच्या, म्हणजे पारशी मुंजीच्या, जेवणाला गेली होती. आणि तिथून जशीच्या तशी परत आली.

मला काही कळेना. शेवटी तिनेच सांगितलं. कोविडनंतर तिची चव गेली ती परत आलीच नव्हती. खारट, गोड, कडू, काहीच कळायचं नाही. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"ओळखीचे लोक मला तोंडावर वाईट बोलणार नाय. तू परकी, म्हटलं तू तरी खरा बोलेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"पण आंटी, मीठ मोजून टाका ना."

"दूध रोज वेगळा येते, डिकरा. काट्याला काय समजते?"

पनीर बंद करायचं नव्हतं तिला. पण तिच्या नावाने वाईट पनीर कुणाच्या ताटात जाणं, तेही तिला सहन होणार नव्हतं. तेव्हा ठरलं. दर शनिवारी मी यायचं, खायचं आणि खरं बोलायचं.

खरं बोलणं किती कठीण असतं, हे मला तिच्या स्वयंपाकघरात कळलं.

"झकास" म्हटलं की ओरडायची. "झकास काय? मीठ सांग! मऊ किती ते सांग!"

हळूहळू जीभ तयार झाली. "आंटी, आज दूध जास्त तापलं होतं, रबरासारखं लागतंय," असं म्हटलं की बाई खूश. सगळी खेप बाजूला सारायची आणि नवीन दूध गॅसवर ठेवायची. कपाळावर आठी नाही. स्वतःच्या मेहनतीवर असं पाणी सोडणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

(या नादात मी नणंदेच्या पुरणपोळीबद्दलही खरं बोलले. तो वेगळा विषय आहे.)

परवा तिच्या भाचीचा, फ्रेनीचा, फोन आला. आंटी झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी तिने पनीर लावलं होतं.

दुपारी मी पोचले तेव्हा आंटीला नेलं होतं. ओट्यावर पातेल्यात चोवीस पनीर तशीच होती. बिल्डिंगमधले शेजारी जमले होते. फ्रेनी म्हणाली, "हे सगळ्यांना वाटू या. तिच्या हातचं शेवटचं."

आणि आंटीला शनिवारी करताना पाहिलं होतं तसं तिनेही एक पनीर बशीत काढून माझ्यापुढे केलं.

देवा, चांगलं निघू दे, असं म्हणत मी चमचा तोंडात घातला.

कडू होतं. बहुतेक ते सालीचं पाणी दोनदा पडलं असणार. थकली होती गं ती.

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या घरात, त्या क्षणी, चांगलं आहे म्हणणं किती सोपं होतं. कुणीही मला दोष दिला नसता.

"कडू झालंय, फ्रेनी. हे वाटायचं नाही."

ती रडायला लागली. मीही. एक आजोबा म्हणाले, "अरे, आज कोण चव बघतो?"

फ्रेनीने डोळे पुसले, पातेलं उचललं आणि म्हणाली, "आंटी बघेल."

चोवीसही पनीर आम्ही दोघींनी मोरीत ओतली. मग टोपल्या गरम पाण्याने धुऊन खिडकीत वाळत घातल्या.

आंटी, तुमच्या नावाने वाईट पनीर कुणाच्याही ताटात गेलेलं नाही.

निवांत झोपा. मनापासून नमस्कार.