मामाचा नमस्कार

त्या वर्षांत मी थकले होते, हे सरळच सांगते. गोंदियात मोठ्यांचे खटले चालवायला वकिलांची रांग. पण घरी मार खाणाऱ्या, टाकून दिलेल्या मुलांच्या बाजूनं बालकल्याण समितीपुढं उभं राहायचं म्हटलं, की प्रत्येकाला नेमकी त्याच दिवशी दुसरी तारीख असायची. मग जायची मी. पोरं माझ्याशी बोलत नसत, समितीला जेवायची घाई, आणि 'पोर घरीच बरं' हे निम्म्या वेळा आधीच ठरलेलं. मी बोलत राहायची, पालथ्या घड्यावर पाणी.

आमगावकडची नऊ वर्षांची मुलगी आली, तेव्हाही तसंच. आई वारलेली, बाप परागंदा, पोर मामाकडं. पाठीवरचे वळ बघून शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं. तिला मामाकडं परत धाडायचं की बालगृहात ठेवायचं, एवढंच त्या दिवशी ठरायचं होतं.

मामा आत आला आणि सगळ्यांदेखत भाचीच्या पाया पडला. आमच्याकडं रीतच आहे, भाची मामाला देवाच्या जागी. समितीतल्या एका वयस्कर सदस्यांचे डोळे भरून आले.

"अब और क्या चाहिए, वकील मॅडम? भेज दो घर," ते म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "देवाच्या पाठीवर वळ कसे उठले, साहेब?" मी विचारलं.

"लेकरू आहे, पडली असन कुठं," मामाच मधे बोलला.

मामाला बाहेर बसवा, असा मी हट्टच धरला. तो गेला. मुलगी खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी तिच्यापुढं फरशीवर बसले.

"घरी बी पाया पडते का मामा तुह्या?"

"हो."

"कधी?"

"मारलं का पडते. भाचीले मारलं का पाप लागते म्हन्ते. मंग पाया पडते."

वयस्कर सदस्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. थोड्या वेळानं बालगृहाचा आदेश झाला.

जिंकल्यासारखं मला काहीच वाटलं नाही. बिनआईची पोर मी आणखी एका परक्या दारात सोडायला निघाले होते. जिन्यात ती थांबली.

"तिथं कोनी पाया पडन का माह्या?"

"नाही गं बाई. कोणीच नाही."

"मंग चाला," ती म्हणाली आणि माझ्यापुढं उतरायला लागली.